जुना ॲनालॉग ऑसिलोस्कोप: चॅनेल १ ची रेषा तापल्यावर पडद्याबाहेर जाते, बिघाड कोठे शोधावा?

कारेलीबागकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा एक जुना ॲनालॉग ऑसिलोस्कोप आहे. तो माझ्या काकांचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात त्यांनी तो वर्षानुवर्षे वापरला आणि दुकान बंद केले तेव्हा माझ्या स्वाधीन केला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आम्ही तो घाईघाईने वरच्या मजल्यावर नेला. पाणी त्याला लागले नाही, पण त्यानंतर तो चादरीत गुंडाळून कपाटावर पडून राहिला आणि बडोद्याच्या पावसाळ्यातील दमट हवा मात्र त्याने पोटभर खाल्ली. यंदा उत्तरायणाच्या सुट्टीत, घरातील सगळे गच्चीवर पतंगांच्या मागे असताना, मी तो टेबलावर घेतला.

चालू केल्यावर दोन्ही चॅनेलच्या रेषा मधोमध आणि स्वच्छ दिसतात. चॅनेल २ ची रेषा तासभर जागची हलत नाही. चॅनेल १ ची रेषा मात्र, इनपुटचा स्विच जी.एन.डी.वर (ग्राउंड, म्हणजे आत सिग्नल जाऊ न देणाऱ्या जागी) ठेवलेला असतानाही, दोन-तीन मिनिटांनी वर सरकू लागते आणि दहा-बारा मिनिटांत पडद्याच्या वर निघून जाते. पोझिशनचे बटण पार डावीकडे फिरवले तर ती कशीबशी वरच्या काठाशी येते. हे सर्व ५ मिलिव्होल्ट प्रतिखण (पडद्यावरील एक चौकोन म्हणजे ५ मिलिव्होल्ट) या टप्प्यावर.

पॉवर सप्लायचे व्होल्टेज मी मोजले आहे: +१२.१, −११.९ आणि शेवटच्या टप्प्यासाठीचे +१३८ व्होल्ट, आणि हे आकडे तापल्यावरही बदलत नाहीत. सर्किटचा नकाशा माझ्याकडे नाही. चॅनेल १ मधील सर्व ट्रान्झिस्टर आणि दोन्ही एफ.ई.टी. (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर) एकदम बदलून टाकावेत असा विचार आहे. त्यांवरील क्रमांक पुसट झाल्यामुळे पर्यायी क्रमांक कोणी सुचवल्यास उपकार होतील.

तांब्याची_तार

ट्रान्झिस्टर नंतर बघा. अशा पडून राहिलेल्या यंत्रात माझ्या अनुभवाने पहिला संशय व्होल्ट्स प्रतिखणच्या फिरत्या स्विचवर घ्यावा. त्याच्या संपर्कांवर काळा थर बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनरची फवारणी आत भरपूर करा आणि बटण तीस-चाळीस वेळा मागे-पुढे फिरवा. सप्लायमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही याच निमित्ताने बदलून घ्या.

जुने_सोल्डर

कारेलीबागकर, कृपा करून अद्याप एकही ट्रान्झिस्टर काढू नका आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा तर उघडूही नका. मी निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे मापनयंत्रांच्या दुरुस्तीत होतो. माझ्यापुढे आलेल्या उभ्या (रेषा वर-खाली हलवणाऱ्या) ॲम्प्लिफायरांपैकी निम्मे मूळच्या बिघाडाने मेलेले नसत. आधीच्या दुरुस्तीत सरसकट सुटे भाग बदलताना कोणीतरी ट्रॅक उखडलेला असे किंवा जुळवून बसवलेली जोडी फोडलेली असे.

प्रथम हातात असलेल्या पुराव्याचा विचार करू. या यंत्रातील मार्ग असा असतो: बी.एन.सी. (सिग्नल जोडण्याचे सॉकेट), मग ए.सी.-जी.एन.डी.-डी.सी. स्विच, मग अटेन्युएटर (सिग्नल लहान करणारा भाग), त्यामागे एफ.ई.टी.ची जोडी, प्रीॲम्प्लिफायर, त्यानंतर कोणता चॅनेल पुढे सोडायचा ते ठरवणारे डायोडचे फाटक, आणि तेथून पुढे दोन्ही चॅनेलांना सामाईक असलेला शेवटचा ॲम्प्लिफायर, जो पिक्चर ट्यूबच्या आडव्या बसवलेल्या दोन प्लेट्सना व्होल्टेज देतो. चॅनेल २ ची रेषा तासभर जागची हलत नाही, याचाच अर्थ फाटकाच्या पुढील सर्व काही, म्हणजे शेवटचा टप्पा, प्लेट्स, ट्यूब आणि सप्लाय, निर्दोष आहे. कपॅसिटर बदलण्याची सूचना चांगल्या हेतूने केलेली असली तरी या लक्षणाशी तिचा संबंध नाही; +१२ आणि −१२ ही दोन्ही चॅनेलांची एकच वाहिनी आहे, ती डळमळली असती तर दोन्ही रेषा हलल्या असत्या. दोष चॅनेल १ च्या बी.एन.सी.पासून फाटकापर्यंत आहे.

यापुढील निदान झाकण न उघडता होते. यंत्र अर्धा तास तापू द्या, इनपुट जी.एन.डी.वर ठेवा आणि पोझिशनचे बटण मधोमध. मग रेषा मधल्या आडव्या रेघेपासून किती खण वर आहे ते ५, १० आणि २० मिलिव्होल्टवर वाचा. त्यानंतर तेच वाचन ५०, १०० आणि २०० मिलिव्होल्टवर, आणि पुन्हा ०.५, १ आणि २ व्होल्टवर करा. नऊ आकडे येथे लिहा, मग पुढे बोलू.

कारेलीबागकर

जुने सोल्डर काका, आपण सांगितल्याप्रमाणे वाचन घेतले. ५ मिलिव्होल्टवर रेषा पडद्याबाहेर आहे, १० वर सुमारे ३ खण वर, २० वर दीड खण वर. गंमत म्हणजे ५० मिलिव्होल्टवर ती पुन्हा बाहेर गेली, १०० वर ३ खण आणि २०० वर दीड. ०.५, १ आणि २ व्होल्टवरही अगदी हेच आकडे आले. मला वाटले होते की टप्पा मोठा केला की चूक लहान होत जाईल.

जुने_सोल्डर

आपल्या या आकड्यांनी बिघाड जवळजवळ पकडून दिला आहे.

या बांधणीच्या बऱ्याच स्कोपमध्ये १-२-५ ही मालिका दोन ठिकाणी मिळून तयार होते. पुढचा अटेन्युएटर सिग्नलला फक्त १०ने आणि १००ने भागतो, तर ५, १० आणि २० हे फरक त्यामागील प्रीॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) बदलून केले जातात. आपली चूक ५ मिलिव्होल्ट, ५० मिलिव्होल्ट आणि ०.५ व्होल्ट येथे एकसारखी आहे. अर्थात अटेन्युएटरने कितीही भागले तरी तिला फरक पडत नाही, म्हणजे ती अटेन्युएटरच्या मागे जन्माला येते. म्हणजे तेथे क्लीनर फवारून काही साधले नसते. उलट १० वर ३ खण आणि २० वर दीड खण, असे तिचे गेनच्या प्रमाणात अर्धे-अर्धे होणे सांगते की ती गेनच्या स्विचच्या अलीकडे आहे. मध्ये उरते ती फक्त एफ.ई.टी.ची जोडी आणि तिच्या आसपासचे चार-सहा सुटे भाग. १० मिलिव्होल्टचे ३ खण म्हणजे ३० मिलिव्होल्ट. ५ वर तेच ६ खण होतात आणि मध्यापासून वर चारच खण असल्यामुळे रेषा बाहेर जाते. आपण ३० मिलिव्होल्टचा चोर शोधत आहोत.

आता झाकण उघडावे लागेल, म्हणून आधी काळजीचे बोलतो, आणि हा भाग वरवर वाचू नका. ट्यूबच्या मानेकडील भागात अशा यंत्रात सुमारे २००० व्होल्ट असतात, आणि शेवटच्या टप्प्याचे १३८ व्होल्टही माणसाला पुरेसे आहेत. बोटातील अंगठी आणि मनगटावरील घड्याळ काढा, चालू यंत्रात एकच हात घाला आणि दुसरा पाठीमागे ठेवा. तारा जोडायच्या असतील तेव्हा यंत्र बंद करून प्लग काढा, आणि १३८ व्होल्टचा कपॅसिटर १० किलोओहमच्या ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामा झाल्याची मीटरने खात्री करा. हे विशेष सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे ‘गुणगुण येते’ म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंग काढून टाकण्याची खोड फार आहे: स्कोपचे अर्थिंग कोणत्याही कारणाने तोडू नये. रेषेऐवजी एकच ठिपका दिसू लागला तर इंटेन्सिटी ताबडतोब कमी करा, नाहीतर पडद्यावरील फॉस्फर तेवढ्या जागी जळून कायमचा डाग पडतो.

उभा ॲम्प्लिफायर पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन पारड्यांच्या तराजूसारखा बांधलेला असतो. प्रत्येक टप्प्यात दोन सारख्या बाजू असतात आणि रेषेची जागा ठरते ती त्या दोहोंतील फरकावरून. त्यामुळे एखाद्या टप्प्याच्या दोन्ही प्रवेशबिंदूंना लहानशा तारेने एकमेकांशी जोडले की तेथील फरक शून्य होतो; त्यामागचे, म्हणजे पडद्याच्या बाजूचे, सगळे टप्पे निर्दोष असतील तर रेषेला मध्याजवळ यावेच लागते. शेवटापासून सुरुवात करून अलीकडे येत जायचे. ज्या बिंदूवर तार जोडूनही रेषा मध्याकडे येत नाही, त्या बिंदूच्या लगेच मागचा टप्पा दोषी. आपल्याला शेवटापासून येण्याची गरज उरलेली नाही. यंत्र तापलेले असताना चॅनेल १ च्या दोन एफ.ई.टी.चे सोर्स (गेट, सोर्स आणि ड्रेन या तीन पायांपैकी एक) एकमेकांशी जोडा आणि काय होते ते पाहा. तार दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपची असू द्या, कारण शेजारच्या ड्रेनवर ती घसरली तर आतापर्यंत निर्दोष असलेला एफ.ई.टी. तेथेच जाईल.

नकाशा नाही याचे दुःख करू नका. चॅनेल २ हा त्याच बोर्डावरील चॅनेल १ चा जुळा भाऊ आहे. एका बाजूला जे व्होल्टेज मिळेल ते दुसऱ्या बाजूच्या त्याच जागी ताडून पाहिले की छापील नकाशाइतकेच काम होते.

कारेलीबागकर

काका, दोन्ही सोर्स जोडताच रेषा वरून सरळ मध्यावर आली आणि तार काढताच पुन्हा वर गेली. मग मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर घेऊन थेट दोन सोर्सच्या मध्ये लावला. यंत्र थंड असताना २ मिलिव्होल्ट दाखवत होते. बारा मिनिटांनी २९. चॅनेल २ मध्ये त्याच जागी दोन्ही वेळी ३ मिलिव्होल्टच्या आत. चोर सापडला म्हणायचे, पण दोनपैकी कोणता एफ.ई.टी. गेला हे कसे ओळखावे?

जुने_सोल्डर

एफ.ई.टी.च गेला असे अजून कोणी म्हटले आहे? दोन्ही सोर्सकडून खाली −१२ कडे जाणारे रेझिस्टर आणि त्यांच्या मध्ये बसवलेला डी.सी. बॅलन्सचा प्रीसेट (दोन्ही बाजूंचा समतोल साधण्यासाठी पेचकसाने फिरवायचा लहान रेझिस्टर), हेही त्याच पिंजऱ्यात उभे आहेत. प्रीसेट हा स्कोपमधील स्वस्त भागांपैकी एक असतो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा कागदाच्या नळकांड्यातून एकेका भागावर चार-पाच सेकंद सोडा, तोंड अरुंद ठेवा, आणि कोणत्या भागावर हवा पडताच मीटरचा आकडा धावतो ते पाहा.

कारेलीबागकर

आपला संशय खरा ठरला. पोस्टकार्डाची सुरळी करून गरम हवा सोडली. दोन्ही एफ.ई.टी.वर आकडा संथपणे चार-पाच मिलिव्होल्ट हलला, रेझिस्टरांवर काहीच नाही, आणि प्रीसेटवर हवा पडताच तो ४ वरून ३४ वर उडाला. यंत्र बंद करून प्रीसेट बाहेर काढला. त्यावर १ किलोओहम लिहिले आहे. थंड असताना दोन टोकांमध्ये १०९० ओहम आले, आणि दोन बोटांत धरून त्यावर गरम हवा सोडली तशी किंमत चढत १४०० च्या वर गेली. काकांच्या जुन्या भिंगाखाली धरल्यावर काळ्या कार्बनच्या पट्टीवर, फिरत्या पात्याच्या उजवीकडे, केसासारखी एक आडवी चीर स्पष्ट दिसते. खालची तपकिरी पट्टी त्या जागी किंचित फुगलेली आहे.

जुने_सोल्डर

उत्तम. फुगलेली पट्टी ही दमट हवेची करणी दिसते. तशा पट्ट्या ओलावा शोषतात, सुकताना आखडतात, आणि वरच्या कार्बनच्या थराला तो ताण सोसत नाही. हिशेबही जुळतो: एका बाजूच्या सोर्समधून साधारण २ मिलिॲम्पिअर वाहत असतील आणि खालचा एकूण रोध ५-६ किलोओहम असेल, तर त्यात ३०० ओहमची वाढ म्हणजे प्रवाहात जवळपास ०.१ मिलिॲम्पिअरची घट, एफ.ई.टी.च्या गेट-सोर्स व्होल्टेजमध्ये ती ३० मिलिव्होल्टच्या आसपासच दिसावी.

नवीन प्रीसेट सरमेटचा (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाचा) घ्या, जुन्यासारखा कार्बनचा नको. बसवण्यापूर्वी त्याचे पाते दोन्ही टोकांपासून सारख्या रोधावर आणून ठेवा, म्हणजे चालू करताच रेषा पडद्यावर सापडेल.

कारेलीबागकर

बाजारात दुकानदाराने आधी कार्बनचाच प्रीसेट पुढे केला आणि ‘चालशे’ म्हणाला. सरमेटचा मिळवण्यासाठी तीन दुकाने फिरावी लागली. तो बसवला आहे. रेषा आता पडद्याबाहेर जात नाही. परंतु पहिल्या वीस मिनिटांत ५ मिलिव्होल्टवर ती साधारण एक खण वर सरकते आणि मग स्थिर होते. चॅनेल २ पाव खणही सरकत नाही, म्हणून मनात खुटखुट राहिली आहे. हे वयोमानाने चालवून घ्यावे का?

रावपुरा_रेडिओ

मध्येच बोलतो. तुम्ही आधी लिहिले आहे की गरम हवेने दोन्ही एफ.ई.टी.वर आकडा चार-पाच मिलिव्होल्ट हलत होता. तुमचे उरलेले एक खण म्हणजेही ५ मिलिव्होल्टच. चॅनेल २ चे दोन एफ.ई.टी. कसे बसवले आहेत ते नीट पाहा. अशा यंत्रात ते पाठीला पाठ लावून एका पितळी किंवा तांब्याच्या पट्टीत धरलेले असतात, म्हणजे दोघांचे तापमान सारखे राहते आणि दोघांचा बदल एकमेकांना काटतो. चॅनेल १ मध्ये ती पट्टी आहे का? माझ्याकडे आलेल्या अशाच एका स्कोपमध्ये आधीच्या कारागिराने ती काढून ठेवली होती.

कारेलीबागकर

आपण माझा स्कोप पाहिल्यासारखे लिहिले आहे. चॅनेल २ मध्ये दोन्ही एफ.ई.टी.च्या सपाट बाजू एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि भोवती तांब्याचे कडे आहे. चॅनेल १ मध्ये कडे नाही आणि दोघांमध्ये तीन-चार मिलिमीटरची फट आहे. शिवाय एकाच्या शेजारी गरम होणारा रेझिस्टर उभा आहे. माझ्या काकांना विचारले तर म्हणाले, एफ.ई.टी. बदलताना काढले असेल, त्या वेळी ते नुसते शोभेचे वाटले होते. मी दोघांच्या मध्ये पांढरी थर्मल पेस्ट लावून भोवती तांब्याच्या पत्र्याचे कडे वळवले आहे. एफ.ई.टी. प्लास्टिकचे असल्यामुळे शॉर्ट होण्याचा धोका नव्हता. आता वीस मिनिटांत रेषा जेमतेम एका बारीक विभागाइतकी, म्हणजे ०.२ खण, हलते.

जुने_सोल्डर

रावपुरा रेडिओ यांनी योग्य जागी बोट ठेवले; ते माझ्या लक्षातून निसटले होते.

आता जुळणी. झाकण बसवून यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवा, कारण उघड्या यंत्राचे आतील तापमान वेगळे असते. इनपुट जी.एन.डी.वर ठेवून बटण ५ आणि २० मिलिव्होल्टच्या मध्ये पुन्हा पुन्हा फिरवा आणि रेषा जागची हलणार नाही अशा ठिकाणी नवीन प्रीसेट आणा. प्रीसेटपर्यंत पोहोचायला बाजूला भोक असेल तर प्लास्टिकचा पेचकस वापरा. त्यानंतर १ किलोहर्ट्झच्या अंतर्गत कॅलिब्रेटरचे ०.२ व्होल्ट थेट तारेने द्या. ५० मिलिव्होल्टवर ते बरोबर चार खण उंच आले पाहिजेत. चौकोनी लहरीचे कोपरे चॅनेल २ सारखेच दिसत असतील तर अटेन्युएटरमधील ट्रिमरांना (जुळणीच्या लहान कपॅसिटरांना) हात लावू नका.

आणखी एक चाचणी दमट हवेपायी. बी.एन.सी.वर आतून काही न जोडलेले धातूचे टोपण घाला, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण रेषा जाड करील, आणि ५ मिलिव्होल्टवर स्विच जी.एन.डी.वरून डी.सी.वर न्या. इनपुटचा रोध १ मेगाओहम आहे, म्हणून रेषा एक खण सरकली तर गेटकडे ५ नॅनोॲम्पिअरची गळती आहे असे समजा. चांगल्या एफ.ई.टी.ची गळती याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असते, त्यामुळे सरकणे नजरेला दिसूच नये. दिसले तर बोर्डावरील गेटच्या भोवतीचा भाग आणि अटेन्युएटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुरता वाळू द्या आणि पुन्हा पाहा. तांब्याची तार यांच्या क्लीनरला मी विरोध केला तो याचसाठी: तेलकट क्लीनरचा पातळ थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते, आणि १ मेगाओहमच्या बिंदूजवळ तोच गळतीचा रस्ता होतो. संपर्क घासायचेच असतील तर अल्कोहोलमध्ये भिजवलेली कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्या मधून ओढा.

तांब्याची_तार

मान्य. मी टीव्हीच्या ट्यूनरांवर शिकलो, तेथे हे चालून जात असे. कागदाची पट्टी माझ्या उपयोगाची आहे.

कारेलीबागकर

डी.सी. बॅलन्स जुळवला; ५ आणि २० मध्ये रेषा हलत नाही. ०.२ व्होल्टची लहर चार खणांना सुईच्या टोकाइतकी कमी पडते, पण चॅनेल २ वरही तेवढीच. गळतीच्या चाचणीत सुरुवातीला रेषा पाव खण सरकली, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वा नॅनोॲम्पिअर. गेटच्या ट्रॅकजवळ कोणीतरी पूर्वी सोडलेला सोल्डर फ्लक्सचा पिवळसर गोळा होता. तो अल्कोहोल आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढला आणि बोर्ड एक दिवस उन्हात वाळवला. आज सकाळी स्विच जी.एन.डी.वरून डी.सी.वर नेला तेव्हा रेषा हलली आहे की नाही हे मला दोनदा करूनही सांगता आले नाही. स्कोप ज्यांचा होता ते माझे काका स्वतः येऊन शेजारी बसले, जुना प्रीसेट आणि भिंग मागून घेतले आणि ती चीर बराच वेळ बघत राहिले.